मिल क्रीकचा दांडा

इलाचा पहिला शब्द टोलनाक्यावर आला.

बाकीच्यांची मुलं आधी "आई" म्हणतात, नाहीतर "बाबा". मंडळाच्या हळदीकुंकवात एकीनं हसत सांगितलं होतं, की तिचा मुलगा पहिल्यांदा "अलेक्सा" म्हणाला. मी पण हसले. घरी येताना गाडीत मात्र मला त्या मुलाचा हेवा वाटत राहिला. माझी मुलगी अडीच वर्षांची झाली तरी काहीच म्हणाली नव्हती. कान तपासून झाले होते, उत्तम होते. समजत सगळं होतं. "बाबांचा मोजा आण" म्हटलं तर सोफ्याखाली शिरून आणायची. माझ्या हातात द्यायची आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहायची. शब्द काढायचं काम जणू आम्ही दोघींनी वाटून घेतलं होतं आणि सगळा वाटा माझ्याकडे आला होता.

आम्ही राहतो ते गाव नेपरव्हिल उपनगराच्याही बरंच पुढे, एकसारख्या घरांच्या रांगा संपून मक्याची शेतं सुरू होतात तिथं. घर घेताना माझा नवरा परीक्षित म्हणाला होता, "बघ, किती शांत आहे." शांत आहेच. दुपारी फ्रिज सुरू झाला की दचकायला होतं, इतकं शांत.

स्पीच थेरपीचं क्लिनिक पलीकडच्या गावात. तिकडे जायला काउंटीचा जुना टोलरोड आहे आणि त्यावर मिल क्रीकचा टोलनाका होता. गंजलेलं छप्पर, तीन लेन, पैसे घेणाऱ्या माणसांच्या बंद पडलेल्या खिडक्या. माणूस कुणीच नाही. काचेला लावलेला टोलचा टॅग, म्हणजे ट्रान्सपाँडर, मशीननं वाचला, की लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा आडवा दांडा वर जायचा. मशीन म्हातारं होतं. कधी लगेच ओळखायचं, कधी विचार करत बसायचं.

गाडी मी इथं येऊन शिकले, आणि भीत भीतच शिकले. नाका जवळ आला की ब्रेकवर पाय ठेवत मी स्वतःशीच पुटपुटायचे, "थांब, थांब, थांब..." गाडी दांड्यापाशी उभी राहिली की पुढचा मंत्र. मागे ट्रक येऊन थांबलेला असायचा, आरशात त्याचं नाक दिसायचं, आणि मी त्या दांड्याची विनवणी करायचे, "उघड रे बाबा. उघड."

ऑक्टोबरातल्या एका सकाळी मशीन असंच विचारात पडलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागच्या सीटवरून आवाज आला.

"उघड."

स्पष्ट. थोडा जाडसर, झोपेतून उठल्यासारखा आवाज. मी आरशात बघितलं. इला दांड्याकडे बघत होती. दांडा वर गेला. तिला त्याचं काहीच नवल वाटलं नाही. आपण सांगितलं, त्यानं ऐकलं, असा चेहरा. मागचा ट्रक हॉर्न वाजवायला लागला, तरी मला गाडी पुढे घ्यायचं सुचेना.

पार्किंगमध्ये पोचल्या पोचल्या मी परीक्षितला फोन केला. तो कामासाठी दुसऱ्या राज्यात, चँडलरला होता. गाड्यांच्या नंबरप्लेट वाचणारं सॉफ्टवेअर त्याची कंपनी बनवते. ठिकठिकाणचे जुने टोलनाके पाडताहेत, त्यांच्या जागी रस्त्यावर कमानी येताहेत, कमानींवर कॅमेरे. जिथं नवी कमान सुरू व्हायची असेल तिथं परीक्षितला जावं लागतं. सोमवारी जातो, गुरुवारी येतो, कधी त्या गुरुवारी येत नाही.

"परीक्षित, इला बोलली!"

"काय? शिवू, ऐक ना, मी मीटिंगमध्ये... काय म्हणाली?"

"उघड."

"काय उघडू?"

"अरे, ती म्हणाली! 'उघड' म्हणाली!"

"वॉव. ग्रेट यार. करतो तुला लगेच." संध्याकाळी केला, तेव्हा इला झोपली होती.

क्लिनिकमधल्या मिस हॉलीला मी तो शब्द म्हणून दाखवला. तिनं दोन्ही हात छातीशी नेले. "गुड! ती गुड म्हणाली!"

"गुड नाही. उ-घड. ओपन."

"उ-गुड," हॉली मनापासून म्हणाली. मी तिला पुन्हा सुधारलं नाही. एवढ्या आनंदानं म्हणत होती बिचारी.

त्या दिवशी हॉलीनं इलासमोर डबे ठेवले, झाकणं लावलेल्या बरण्या ठेवल्या, दाराचं खेळण्यातलं घर ठेवलं. इलानं तोंड उघडलं नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. घरी मी फ्रिजसमोर, कपाटासमोर, बिस्किटांच्या डब्यासमोर "उघड, उघड" करत नाचले. ती माझ्याकडे काळजीनं बघायची. परतताना मिल क्रीकला गाडी उभी राहिली की मागून शांतपणे "उघड."

हॉलीनं समजावलं, की कधी कधी शब्द एकाच जागी राहतो. त्याला हळूहळू तिथून बाहेर काढायचं. "तोवर ती जागा सोडू नका. आणि एक लक्षात ठेवा, तिच्या शब्दानं काहीतरी घडलं पाहिजे. ती म्हणाली आणि काहीच झालं नाही, असं दोनदा झालं तर ती का म्हणेल?"

मग मी ती जागा धरून बसले. दूध आणायला निघाले तरी मिल क्रीकवरून. दूध घराशेजारी मिळतं. नाका ओलांडायचा, पुढच्या एक्झिटला वळायचं, परत यायचं. जाताना "उघड," येताना "उघड." बर्फ पडत होतं, शेतं पांढरी झाली होती, रस्त्यात आम्ही दोघी आणि तो दांडा. खरं सांगायचं तर दिवसभरात मला उद्देशून नसला, तरी माझ्या कानावर पडणारा तेवढाच एक मराठी शब्द होता.

फेब्रुवारीत परीक्षित एकदा घरी आला तो सूटकेस दारातच टाकून. "ओळख, पुढचा प्रोजेक्ट कुठं?"

"अलास्का."

"आपल्या काउंटीत! मिल क्रीक! घरून जायचं, घरी यायचं. डबा दे मला रोज, भाजी-पोळीचा, नवऱ्यासारखा."

मला इतका आनंद झाला, की मी खरंच त्याच्या डब्यात कुठली भाजी द्यायची याचा विचार करायला लागले. मेथीपर्यंत पोचले आणि तिथंच अडले.

"म्हणजे मिल क्रीकचा दांडा...?"

"गेला. दांडा, छप्पर, सगळं. गाडीला वेगसुद्धा कमी करायला नको. तुझा प्रॉब्लेमच मिटला, मागे ट्रक नाही न् काही नाही."

"आणि इला?"

"इलाचं काय?"

त्याला आठवायला थोडा वेळ लागला. "ओह. अगं, पण ती घरी म्हणेल ना मग. शब्द आहे तो. एकाच फोनवर चालायला तो काय ॲप आहे?"

"तू ऐकलायस तो शब्द?"

त्यानं ऐकला नव्हता. तो असायचा त्या दिवशी गाडी तो चालवायचा, आणि घाई असायची म्हणून टोल टाळून आतल्या रस्त्यानं न्यायचा.

काउंटीनं नवीन रस्त्याची माहिती द्यायला शाळेच्या जिममध्ये सभा ठेवली होती. मी इलाला स्ट्रोलरमध्ये घालून गेले. बास्केटबॉलच्या जाळीखाली मोठमोठे नकाशे उभे केलेले. टोलरोड पुढे वाढवून इंटरस्टेटला जोडायचा, त्यासाठी रोखे काढून कर्ज उभारायचं, ते टोलमधून फेडायचं, आणि त्याच पैशात जुने नाके बदलायचे. लोक कॉफी पीत हरणांबद्दल आणि आवाजाबद्दल बोलत होते.

"शिवांगी, तू इकडे कुठं?" अरुणकाका. सत्तरच्या दशकात व्हीजेटीआयमधून इकडे आलेले, पूल बांधण्यात हयात गेलेली, आता निवृत्त. मंडळाच्या गणपतीत आरतीचा ताल चुकला की तबला थांबवून सांगणारे ते. "बघितलंस का? आम्ही आलो तेव्हा म्हणाले होते, कर्ज फिटलं की रस्ता फुकट. मी वाट बघत बघत म्हातारा झालो. कर्ज फिटत आलं की हे नवा रस्ता काढतात."

"मग तुम्ही विरोध करायला आलात?"

"छे गं, कॉफीला आलो. तुझी काकू डीकॅफ पाजते. तू बोलणारेस का?"

"काका, मला तो दांडा ठेवा म्हणायचंय. एका लेनला तरी."

काकांनी चष्मा वर केला. "कुठला दांडा? टोलचा? अगं, अर्ध्या काउंटीला तो कधी एकदा जातोय असं झालंय आणि तू ठेवा म्हणतेस?"

माईकसमोर माझी पाळी आली तेव्हा माझं इंग्रजी अडखळायला लागलं. इंजिनीअरिंग इंग्रजीत केलंय मी, पण 'माझी मुलगी फक्त तिथंच बोलते' हे कुठल्याही भाषेत वेडगळच वाटतं. तरी मी सांगितलं. टेबलामागच्या टायवाल्या गृहस्थानं नीट ऐकून घेतलं. तो म्हणाला, आजवर अशी मागणी कुणी केली नव्हती. पण हिवाळ्यात सगळ्यात जास्त मोडतात ते दांडेच, आणि थांबलेल्या गाड्यांवर मागून गाड्या आदळतात. मग तो टेबलाला वळसा घालून आला, गुडघ्यांवर बसला आणि इलाला म्हणाला, "हाय, स्वीटी." इलानं त्याचा टाय बघितला. जिममधली सगळी माणसं तिच्या बोलण्याची वाट बघत होती. मी स्ट्रोलर वळवला.

अरुणकाका गाडीपर्यंत आले. त्यांना चेष्टा करायची होती बहुतेक, पण केली नाही. स्ट्रोलर घडी करून डिकीत टाकला आणि म्हणाले, "सावकाश जा."

रेणूताई म्हणजे माझी नणंद. नागपूरला असते. तिच्याशी व्हिडिओवर बोलताना मी हे सगळं सांगितलं, तर ती पोळ्या लाटता लाटता थांबली.

"अगं, दांडाच पाहिजे ना? मग तू अडव की दार. मी नाही का तुझं अडवलं होतं?"

अडवलं होतं. लग्न लागून आम्ही घरी आलो, तर माप ओलांडायच्या आधी रेणूताई दारात हात आडवा धरून उभी. नाव घेतल्याशिवाय आत सोडणार नाही. माझा उखाणा चार दिवस पाठ होता, चांगला लांबलचक, यमक जुळवलेला. त्या क्षणी सगळा पुसला गेला. माझ्यामागे वऱ्हाड, समोर सासरची माणसं, कुणीतरी म्हणालं, "इंजिनीअर आहे म्हणे, एक उखाणा येईना." रेणूताईनं हात काढला नाही आणि घाईही केली नाही. वाकून माझ्या कानात म्हणाली, "यमक मरू दे. नुसतं नाव घे, मी उघडते." मी नुसतं "परीक्षित" म्हणाले. तिनं हात वर केला.

इथं पहिल्यांदा आलो तेव्हा दार अडवायला कुणी नव्हतं. परीक्षितनं आकडे दाबून कुलूप उघडलं, बॅगा आत ढकलल्या आणि वायफायचा पासवर्ड शोधायला लागला. मी उंबरठ्यापाशी जरा वेळ उभी होते. इथल्या दाराला उंबरठा पण नसतो.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात मी हात आडवा धरला. इला आली. हाताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि वाकून खालून निघून गेली. मी हात खाली आणला, ती वरून टांग टाकून गेली. मी गुडघ्यावर बसून दोन्ही हात लावले, तर ती तिथंच बसली आणि माझ्या बांगड्यांशी खेळायला लागली. रोज हेच. सगळ्या घरात माणसं दोन, त्यातलं एक नाका झालेलं आणि दुसरं टोल चुकवून पळणारं.

एप्रिलमध्ये नाका पाडला. एका मंगळवारी आम्ही क्लिनिकला निघालो तर छप्पर नव्हतं, खिडक्या नव्हत्या, ताज्या डांबराचा एक सलग पट्टा आणि वर राखाडी कमान. पाय सवयीनं ब्रेककडे गेला. मी तो उचलला. 'थांब' म्हणायची गरजच उरली नाही. आम्ही कमानीखालून सरळ गेलो. आरशात इला मान वळवून मागे बघत होती. बराच वेळ बघत होती. क्लिनिक आलं तरी तिनं तोंड उघडलं नाही. परत येतानाही नाही.

"तुमची गाडी दिसली आज स्क्रीनवर," परीक्षित रात्री म्हणाला. "प्लेट एकदम क्लीअर आली."

"आम्ही दिसलो?"

"नाही गं. प्लेटच क्रॉप होऊन येते."

प्रोजेक्ट घराजवळ होता तरी तो उजाडायच्या आत जायचा, इला झोपल्यावर यायचा. डबा मी देत होते. रिकामा डबा सिंकमध्ये दिसला, की तो येऊन गेला हे कळायचं. मग कमान नीट चालायला लागली आणि त्याला पुढचं ठिकाण मिळालं, टेक्सासमध्ये. या वेळी सलग सहा आठवडे.

रविवारी जेवणं झाल्यावर त्यानं विमानतळावर जायला राइड बोलावली. सूटकेस घेऊन दाराशी आला. इला त्याच्या आधी तिथं पोचली होती. दाराला पाठ लावून उभी राहिली, आणि तिनं एक हात आडवा धरला. हात दाराच्या मध्यापर्यंतही पोचत नव्हता.

"अरे वा, हे काय नवीन?" परीक्षित हसला. "चल पिल्लू, बाबाला जायचंय."

हात हलला नाही.

"नाव घ्यावं लागतं," मी म्हणाले.

"बरं. इला!"

हात तसाच.

"शिवांगी?" तो माझ्याकडे बघून म्हणाला. आमच्यात किती दिवसांनी माझं पूर्ण नाव उच्चारलं गेलं होतं. हात तरीही तसाच. तो वाकून तिला उचलायला गेला.

"थांब," इला म्हणाली.

माझाच शब्द होता तो. माझाच सूर. ब्रेकवर पाय ठेवताना मी म्हणायचे तसाच, घाबरलेला, खाली जाणारा. "थांब. थांब. थांब."

परीक्षितनं सूटकेस सोडली. त्यानं तिचा आवाज शब्दासकट पहिल्यांदाच ऐकला होता. तो बुटांच्या बाकावर बसला, डोळ्यांना हात लावला आणि तिला म्हणाला, "थांबलो. बघ, थांबलो." तिनं त्याच्याकडे निरखून बघितलं, खात्री केली आणि काहीतरी आणायला आतल्या खोलीत पळाली.

फोन वाजला. राइड आली होती. परीक्षित उठला, दबक्या आवाजात म्हणाला, "शिवू, आत्ता पटकन निघतो. ती आत आहे तोवर."

मी दारात हात आडवा धरला.

"अगं, फ्लाइट आहे."

"ती थांब म्हणाली, तू थांबलो म्हणालास. आता बाहेर येऊन तिनं बघितलं आणि तू नसलास, तर परत म्हणेल ती?"

"कमॉन. उद्या सकाळी मला तिथं..."

"दुसरी फ्लाइट बघ."

तो माझ्या हाताकडे बघत राहिला. उचलून बाजूला करण्याइतका हलका हात होता. फोन पुन्हा वाजला. मग त्यानं तो कानाला लावला आणि ड्रायव्हरला सॉरी म्हणाला. "कॅन्सल केलं," माझ्याकडे न बघता म्हणाला.

इला मोजा घेऊन आली. एकच, त्याचा.

दुपारभर तो थांबला. तिच्याबरोबर जमिनीवर लोळला, डबे रचले, पाडले. मी चहा केला, दोन कप. कितीतरी दिवसांत मी त्या घरात दोन कप चहा केला नव्हता. संध्याकाळच्या फ्लाइटसाठी दुसरी राइड आली तेव्हा त्यानं तिला समोर उभं केलं आणि नीट सांगितलं, बाबा जाणार, बाबा परत येणार. तिला किती कळलं माहीत नाही. ती आपणहून दाराशी गेली, हात आडवा धरला आणि त्याच्याकडे बघत उभी राहिली.

तो सूटकेस धरून थांबला. मला वाटलं आता ती पुन्हा "थांब" म्हणणार, आणि मला हवंही होतं तिनं म्हणावं असं.

इलानं हात वर केला.

"उघड," ती म्हणाली.

मिल क्रीकपासून घरच्या दारापर्यंत यायला त्या शब्दाला सगळा हिवाळा लागला होता. मी हॉलीला काय सांगायचं, रेणूताईला काय सांगायचं, सगळं मनात एकदम गर्दी करून आलं. परीक्षितनं तिचा पापा घेतला, माझ्या खांद्यावर हात ठेवला, "येतो" म्हणाला आणि दार उघडून गेला. सूटकेसची चाकं ड्राइव्हवेवर वाजली, मग डिकी, मग गाडी.

इला अजून हात वर करून उभी होती. गाडी पूर्ण जाईपर्यंत दांडा खाली आणायचा नसतो, हे तिला माहीत होतं.

ब्रेक दाबताना मी रोज म्हणत आले तो शब्द मला कधीपासूनच येत होता. परीक्षितला तो मी एकदाही म्हणून बघितला नव्हता.

"झालं गं," मी म्हणाले, "गेली गाडी." तिनं हात खाली घेतला. मी दार लावलं, सिंकमधले दोन कप धुतले आणि एकच परत मांडणीत ठेवला. दुसरा, परीक्षितचा, ओट्यावर राहू दिला.